देव नेमका तेव्हाच का आठवतो?

सरकारी रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागाबाहेरचा बाक. वडील आत व्हेंटिलेटरवर आहेत. ‘पुढचे ७२ तास महत्त्वाचे’ एवढंच सांगून डॉक्टर पुढच्या रुग्णाकडे गेले आहेत. मुलगा शिकलेला, एरवी देवळाची पायरी न चढणारा. रात्री दोनच्या सुमारास तो खिशातून कागदाची पुडी काढतो आणि हळूच विचारतो, “सिस्टर, हा अंगारा बाबांच्या उशीखाली ठेवला तर चालेल?” शेजारच्या बाकावर कुणी तसबीह ओढत असतं, कुणाच्या हातात जपमाळ असते. कोणत्याही मोठ्या रुग्णालयात रोज रात्री दिसणारं हे दृश्य आहे.

या मुलाला अंधश्रद्धाळू म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण माणसाला अशा वेळीच धर्माची गरज का वाटते, हा प्रश्न त्यानं सुटत नाही.

अनिश्चितता सोसत नाही

शंभरेक वर्षांपूर्वी मानववंशशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव मॅलिनोव्स्की यांनी पॅसिफिक महासागरातल्या ट्रोब्रियंड बेटांवरच्या कोळ्यांचं निरीक्षण केलं. किनाऱ्यालगतच्या शांत खाजणात मासे हमखास मिळत आणि धोकाही नसे. तिथं कुणी मंत्रतंत्र करत नव्हतं. खुल्या समुद्रात जायचं असलं, की मात्र विधींशिवाय होडी हलत नसे. कोळी तेच, अक्कलही तीच. फरक होता तो परिणाम आपल्या हातात असण्या-नसण्याचा.

याचं मूळ मेंदूच्या कामात आहे. पुढं काय होणार, याचा अंदाज मेंदू सतत बांधत असतो. तो बांधताच आला नाही, की शरीर ताणाखाली येतं. लंडनमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकावरच्या खेळात दगडाखाली साप निघाला, की हाताला विजेचा सौम्य पण दुखणारा झटका बसे. झटका नक्की बसणार हे ठाऊक असलेल्यांपेक्षा, बसण्याची शक्यता निम्मी-निम्मी असताना लोकांना जास्त ताण आला. अतिदक्षता विभागाबाहेरचे ७२ तास नेमके असेच असतात. वाईट बातमीपेक्षाही बातमीची वाट पाहणं जड जातं. अंगारा उशीखाली ठेवला, नवस बोलला, की ‘आपण काहीतरी केलं’ एवढा आधार मिळतो. हात रिकामे राहत नाहीत.

श्वास, सोबत आणि अर्थ

हा आधार केवळ मनाचा खेळ नाही. २००१ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी २३ निरोगी व्यक्तींना ख्रिस्ती जपमाळेतली प्रार्थना आणि ‘ओम मणि पद्मे हुम’ हा मंत्र म्हणायला सांगितला. दोन्ही वेळी श्वासाचा वेग मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि रक्तदाबातले चढउतार सावरणारी शरीराची यंत्रणा अधिक चांगली चालू लागली. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, शरीरावरचा परिणाम मात्र सारखा.

दुसरी गोष्ट सोबतीची. प्रयागच्या माघ मेळ्यात कल्पवासी महिनाभर कडाक्याच्या थंडीत तंबूत राहतात. गर्दी, गोंगाट, पहाटेचं गार पाण्यातलं स्नान. म्हणजे तब्येत ढासळायला हवी. पण ४१६ यात्रेकरूंची, मेळ्याला न गेलेल्या १२७ जणांशी तुलना केली, तेव्हा परतल्यावर यात्रेकरूंनी आपली तब्येत सुधारल्याचं सांगितलं. हा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्यासारख्याच माणसांत असल्याची भावना माणसाला बरं वाटायला मदत करते. वारीत चाललेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

तिसरी गरज अर्थाची. ‘कॅन्सर कशामुळे झाला’ याचं उत्तर डॉक्टर थोडंफार देऊ शकतात. ‘मलाच का झाला’ याचं उत्तर तपासणीच्या कोणत्याही अहवालात नसतं. धर्म ते देऊ पाहतो. मात्र इथंच जपायला हवं. ‘हे माझ्या पापाचं फळ’ असं रुग्णाच्या मनात बसलं, तर आजाराच्या ओझ्यावर अपराधीपणाचं ओझं चढतं.

प्रार्थनेनं आजार बरा होतो का?

हेही तपासून पाहिलं गेलं आहे. अमेरिकेतल्या सहा रुग्णालयांमध्ये हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेल्या १,८०२ रुग्णांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींसाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली, काहींसाठी केली नाही. आपण कोणत्या गटात आहोत हे या दोन्ही गटांना ठाऊक नव्हतं. त्यांत गुंतागुंतीचं प्रमाण ५२ आणि ५१ टक्के, म्हणजे जवळपास सारखंच निघालं. ‘तुमच्यासाठी नक्की प्रार्थना होणार आहे’ असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यात ते ५९ टक्के होतं. म्हणजे इतरांनी केलेल्या प्रार्थनेनं शस्त्रक्रियेचा निकाल सुधारल्याचं दिसलं नाही. प्रार्थना मनाला धीर देते. रक्तवाहिनीतल्या अडथळ्याला वळसा घालून रक्ताला वाट करून देण्याचं काम शस्त्रक्रियेचंच.

ही सीमा पुसली, की जीव जातो. सर्पदंशाचंच घ्या. चावणारे बरेच साप बिनविषारी असतात आणि विषारी साप चावला तरी दर वेळी अंगात विष उतरतंच असं नाही. असे रुग्ण मंत्राविनाही वाचले असते, पण श्रेय भगताला मिळतं. मग नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसं चावलेल्यालाही तिकडेच नेतात आणि प्रतिविष द्यायची वेळ टळून जाते. म्हणूनच महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्राचे उपचार करणं हा गुन्हा ठरवला आहे.

मानसिक आजारांत तर याची फार मोठी किंमत मोजली गेली आहे. तमिळनाडूतल्या एर्वाडी इथं ६ ऑगस्ट २००१ रोजी एका खासगी आश्रयगृहाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण मृत्युमुखी पडले. दर्ग्याच्या परिसरात बरं वाटेल, या आशेनं घरच्यांनी आणलेली ही माणसं होती.

टिंगल नको, चौकशी हवी

मग डॉक्टरांनी काय करावं? ताईत पाहून हसू नये. एकदा हसणं झालं, की रुग्ण बोलायचा थांबतो. नवरात्राचे नऊ उपास किंवा रमजानचे रोजे धरलेला मधुमेही ते सांगत नाही, गोळ्या किंवा इन्सुलिन तसंच घेत राहतो आणि साखर एकदम खाली जाऊन चक्कर येऊन पडतो. हेच आधी विचारलं असतं, तर डोस आणि वेळा बदलून देता आल्या असत्या, किंवा उपास का टाळायला हवा हे समजावता आलं असतं.

घरच्यांनीही दोन गोष्टी पाळाव्यात. देवाला जरूर जावं, पण औषध सुरू झाल्यावर. आणि ‘गोळ्या बंद करा’ असं जो सांगेल, तो कितीही मोठा असला तरी त्याचं ऐकू नये. फिट्स, क्षयरोग, मधुमेह, रक्तदाब आणि मानसिक आजार यांची औषधं डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नयेत.

रात्री दोन वाजता अंगारा मागणाऱ्या त्या मुलाला आणखीही काही हवं असतं. त्याला कुणीतरी समजेल अशा भाषेत आजची स्थिती सांगायला हवी असते. रोज ठरलेल्या वेळी डॉक्टर पाच मिनिटं बोलले, तर त्याच्या मनातली निम्मी भीती ओसरते. पुडी उशीजवळ राहू द्यावी. त्यानं उपचारात अडथळा येत नाही. पण उरलेली निम्मी भीती एकट्यानं सोसायची वेळ त्याच्यावर येऊ नये.