दमा, सुई आणि फुंकणी

सोयाबीनची मळणी लागली की लातूर-नांदेडकडच्या दमेकऱ्यांची छाती वाजायला लागते. मळणीयंत्राचा भुसा, डाळमिलची धूळ, बांधावरचं गाजरगवत. मृगाला हैदराबादला दम्यावरचा औषधी मासा गिळून आलेलेही यात असतात. त्यातलेच काही मग ॲक्युपंक्चरकडे वळतात. सोलापूरच्या डॉ. कोटणिसांबरोबर १९३८ साली चीनला गेलेल्या डॉ. बी. के. बसूंनी ही विद्या पुढे कलकत्त्यात आणली.

चिनी वैद्यकाच्या हिशेबात ‘ची’ नावाची ऊर्जा १२ मुख्य वाहिन्यांतून फिरते. फुप्फुसाची वाहिनी छातीच्या वरच्या भागातून निघून अंगठ्याच्या नखाशी संपते. तिच्यावर ११ बिंदू. दम्यासाठी पाठीवरचे बिंदूही घेतात. मान वाकवली की मानेच्या तळाशी एक मणका ठळक हाताला लागतो. त्याच्या दोन्ही बाजूंना अर्ध्या त्सुनवर डिंगछ्वान हा बिंदू. त्सुन म्हणजे रुग्णाच्याच अंगठ्याची रुंदी, त्यामुळे थोराड शेतकऱ्याचं आणि लहान पोराचं माप वेगळं. केसाहून थोडी जाड सुई टोचून वीसेक मिनिटं ठेवतात.

अशा वाहिन्या शवविच्छेदनात सापडत नाहीत. दम्यात श्वासनळ्या आतून सुजतात, भोवतीचे स्नायू आवळतात, चिकट कफ साचतो. खऱ्या सुयांनी हे सुटतं, असा भरवशाचा पुरावा अजून हाती नाही. खोट्या सुयांचा एक प्रयोग मात्र डोळे उघडणारा आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या अमेरिकेतल्या प्रयोगात त्याच रुग्णांना आळीपाळीने औषधाचा पंप, रिकामा पंप आणि लुटुपुटीचं ॲक्युपंक्चर दिलं. एका पाळीत काहीच दिलं नाही. पहिल्या तिन्हींत रुग्ण म्हणाले, जवळपास निम्मं बरं वाटतंय. यंत्रात फुंकायला लावलं तेव्हा खऱ्या पंपाने जोर २० टक्के वाढलेला, बाकी सगळीकडे सातच्या आसपास.

म्हणजे माणसाला मोकळं वाटतं आणि नळी आवळलेलीच राहते. ‘पंपाची सवय लागते’ या भीतीपोटी सुया लागताच पंप फडताळात टाकणारे म्हणूनच फसतात. सुया घ्यायच्याच तर पंप चालू ठेवून घ्या. पीक फ्लो मीटर नावाची प्लास्टिकची फुंकणी औषधाच्या दुकानात मागा, सकाळ-संध्याकाळ आकडा वहीत टिपा. आकडा घसरला तर बरं वाटण्यावर जाऊ नका.

महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्याने ॲक्युपंक्चरची परिषद आहे. नोंदणी विचारायला लाजू नका, सुई पाकिटातून समोर काढायला लावा. खांद्यावर, पाठीवर सुई खोल गेली तर क्वचित फुप्फुसाला भोक पडतं. टोचल्यावर एका बाजूला कळ येऊन धाप वाढली, तर ‘दमाच असेल’ म्हणून घरी थांबू नये. नांदेड काय, लातूर काय, सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय गाठून आधी छातीचा एक्स-रे काढावा.