हजची फाइल: बंदरातून दिल्लीपर्यंत

1 ऑक्टोबर 2016 पासून हज यात्रेचं काम परराष्ट्र मंत्रालयाकडून अल्पसंख्याक मंत्रालयाकडे आलं. दिल्लीत खात्यांची अशी अदलाबदल नेहमीचीच. मुंबईतून पाहिलं तर मात्र ही फाइल फार जुनी आहे आणि ती दिल्लीत नव्हे, बंदरावर उघडली गेली.

इंग्रजांना हज म्हणजे धर्म नव्हे, गर्दी आणि पटकीची साथ वाटायची. 1882 मध्ये मुंबईत यात्रेकरूंसाठी संरक्षक अधिकारी नेमला गेला आणि 1886 मध्ये सरकारने चक्क थॉमस कुक या पर्यटन कंपनीला हजचा ठेका दिला. 1893 मध्ये तो गुंडाळला गेला. पुढे 1932 चा कायदा आला तोही ‘पोर्ट हज कमिट्यां’चा. मुंबई, कलकत्ता, कराची या बंदरांपुरती या कमिट्यांची नजर होती.

स्वतंत्र भारताने 1959 मध्ये नवा कायदा करून हज कमिटी मुंबईतच ठेवली. त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने हाजींसाठी दहा आणि शंभर रुपयांच्या वेगळ्या नोटा काढल्या. परकीय चलनाची टंचाई होती, म्हणून सौदी अरेबियात चालतील अशा या नोटा. 1960 मध्ये हाजींना नेणारी मोगल लाइन ही जहाज कंपनीही सरकारच्या ताब्यात आली. महाराष्ट्रातल्या गावोगावचे हाजी आधी मुंबई गाठायचे, क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दिक मुसाफिरखान्यात पथारी टाकायचे आणि जहाजाची वाट पाहायचे.

1995 मध्ये शेवटचं जहाज सुटलं. त्यानंतर सगळा प्रवास विमानाचा आणि इथेच अनुदानाचं प्रकरण चिघळलं. हाजी ठरावीक भाडं भरायचा, वरची रक्कम सरकार विमान कंपनीला द्यायचं. हाजीच्या हातात त्यातला छदामही येत नव्हता. कंपनी निवडण्याची मुभाही त्याला नव्हती. पण ‘सरकारी पैशावर हज’ हा टोमणा त्यालाच ऐकावा लागला. 1994 मध्ये साडेदहा कोटींच्या घरात असलेलं हे अनुदान 2011 मध्ये 685 कोटींवर गेलं. मग 8 मे 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना देसाई यांनी ते दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितलं. हा पैसा समाजाच्या शिक्षणावर आणि विकासावर लावणं अधिक योग्य, असंही न्यायालयाने म्हटलं. मुस्लीम समाजातूनही अनुदान नको म्हणणारे पुष्कळ होते. ज्याला ऐपत आहे त्याच्यावरच हज फर्ज, म्हणजे बंधनकारक, आहे, हे त्यांचं म्हणणं. माझ्या मते तो निकाल योग्यच होता.

अल्पसंख्याक मंत्रालय 2006 मध्ये स्थापन झालं तेव्हा पहिले मंत्री कोकणातले बॅरिस्टर ए. आर. अंतुले होते. तरीही हज पुढची दहा वर्षं परराष्ट्र खात्याकडेच राहिलं. त्याला तर्क होता: करार सौदी सरकारशी, इमारती मक्केत, धावपळ जेद्दाहच्या भारतीय वाणिज्य दूतावासाची. ती धावपळ आजही तिथलेच अधिकारी करतात.

नव्या मंत्रालयाच्या पदरात एक श्रेय मात्र टाकायलाच हवं. 2018 पासून 45 वर्षांवरच्या महिलांना चौघींचा गट करून मेहरमशिवाय, म्हणजे सोबत जवळचा पुरुष नातेवाईक नसताना, जाता येऊ लागलं, शिवाय त्यांना कुऱ्याची, म्हणजे सोडतीची, अट नव्हती. 2023 पर्यंत अशा जाणाऱ्यांची संख्या चार हजारांच्या पुढे गेली. त्याच वर्षी राष्ट्रपती, पंतप्रधान, मंत्री आणि हज कमिटी यांच्या मर्जीतल्या पाचशे जागाही रद्द झाल्या. उत्तम झालं. सामान्य हाजी कुऱ्यात नाव निघावं म्हणून वर्षानुवर्षं थांबायचा आणि ओळखीचा माणूस मागच्या दाराने विमानात बसायचा.

बाकी चित्र इतकं सुखाचं नाही. 2023 मध्ये औरंगाबादहून जाणाऱ्या हाजीला मुंबईच्या हाजीपेक्षा सुमारे 88 हजार रुपये जास्त मोजावे लागले. केवळ विमान कुठून सुटतं, यावरून. मराठवाड्यातल्या माणसाला गावाजवळच्या विमानतळाची ‘सोय’ चांगलीच महाग पडली. 2025 मध्ये खासगी टूरवाल्यांच्या वाट्याच्या हजारो जागा मुदती चुकल्याने हातच्या गेल्या. मंत्रालयाने या टूरवाल्यांच्या 26 समूहांकडे बोट दाखवलं आणि सौदीने दहा हजार जागांपुरती वाट पुन्हा उघडली. उरलेल्यांच्या नशिबी मक्केतल्या इमारती नव्हत्या, हजच्या मुक्कामाचे मिना इथले तंबूही नव्हते.

आणि अनुदानाचं काय झालं? 16 जानेवारी 2018 रोजी ते पूर्ण बंद झाल्याचं तत्कालीन मंत्री मुख्तार अब्बास नक्वी यांनी जाहीर केलं, तेव्हा हा पैसा अल्पसंख्याक मुलींच्या शिक्षणासाठी वापरू, असं ते म्हणाले होते. पुढे याच मंत्रालयाने 2022 मध्ये पहिली ते आठवीची शिष्यवृत्ती थांबवली, त्याच वर्षी मौलाना आझाद संशोधन शिष्यवृत्तीही बंद केली. वाचलेल्या अनुदानातले किती रुपये कोणत्या मुलींच्या शाळेत पोहोचले, याचा वर्षवार तक्ता मंत्रालयाने एकदा संसदेच्या पटलावर ठेवावा.