भेडाघाटच्या सहलीला पुस्तके न्यायची, पण कशावर?

पिशवीत पुस्तकांचे ओझे नको आणि वाचनही सुटायला नको. मग मोबाइलवरच भागवावे की वाचनासाठी ई-रीडर विकत घ्यावा? पैसे खर्च करण्यापूर्वी या गोष्टी अवश्य पाहा.

जबलपूरपासून सुमारे २५ किलोमीटरवर नर्मदेच्या काठी भेडाघाट वसले आहे. धुवांधार धबधबा, संगमरवराचे उंच कडे आणि त्यांच्यामधून वाहणारी नर्मदा पाहायला महाराष्ट्रातून कितीतरी कुटुंबे येतात. मराठी वाचकांचे तर या नदीशी खास नाते आहे. गो. नी. दांडेकरांची 'कुणा एकाची भ्रमणगाथा' किंवा जगन्नाथ कुंटे यांचे 'नर्मदे हर हर' वाचून अनेकांना नर्मदेची ओढ लागली. कुणी दोन दिवसांच्या सहलीला येतो, तर कुणी पाठीवर पिशवी टाकून परिक्रमेला निघतो. वाचनाची आवड असेल तर दोघांनाही एकच प्रश्न पडतो, सोबत वाचायला काय घ्यायचे?

चार जाड पुस्तके म्हणजे दीड-दोन किलो वजन. याउलट साध्या ई-रीडरचे वजन दीडशे ते सव्वादोनशे ग्रॅम आणि त्यात शेकडो पुस्तके मावतात. पण तेवढ्याच वजनाचा मोबाइल प्रत्येकाच्या खिशात असतोच. मग आणखी काही हजार रुपये कशासाठी घालवायचे?

उन्हात वाचायचे असेल तर

भेडाघाटच्या पांढऱ्या खडकांवर ऊन पडले की डोळे दिपतात. अशा वेळी मोबाइलवर काही वाचून पाहा. मोबाइलचा पडदा स्वतःच्या प्रकाशाने उजळतो. बाहेरचा प्रकाश त्याहून प्रखर झाला की अक्षरे फिकी पडतात. मग पडद्याचा उजेड वाढवावा लागतो आणि बॅटरी झपाट्याने उतरते.

ई-रीडरचे तंत्र निराळे आहे. त्याच्या पडद्यात अगदी सूक्ष्म कुप्या असतात आणि त्यांत काळे-पांढरे कण. विजेच्या भाराने हे कण वर-खाली सरकतात आणि अक्षरे उमटतात. कागदाप्रमाणेच हा पडदा बाहेरच्या उजेडात दिसतो. त्यामुळे ऊन जितके लख्ख, तितकी अक्षरे स्पष्ट. पडद्याला वीज लागते ती मुख्यतः पान बदलताना. म्हणूनच एकदा चार्ज केलेला ई-रीडर कित्येक दिवस, बेताने वापरला तर काही आठवडेही चालतो.

परिक्रमावासीयांसाठी हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. मोबाइलची बॅटरी ही त्यांची घराशी असलेली दोरी असते. रात्री कादंबरी वाचण्यात ती संपली आणि दुसऱ्या दिवशी वाटेत पाय मुरगळला, तर निरोप कसा देणार?

रात्रीचे वाचन आणि झोप

अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२ जणांना झोपण्यापूर्वी काही रात्री छापील पुस्तक आणि काही रात्री प्रकाशमान टॅबलेट वाचायला दिला होता. टॅबलेट वाचलेल्या रात्री झोप लागायला सरासरी सुमारे १० मिनिटे जास्त लागली आणि सकाळी मरगळही अधिक जाणवली. अभ्यास लहान होता, तरी त्यातला इशारा ध्यानात घेण्याजोगा आहे. ई-रीडरच्या दिव्यांचा प्रकाश कडेने पानावर पडतो, थेट डोळ्यांवर रोखलेला नसतो. तरीही रात्री तो मंदच ठेवावा.

मोबाइलवर आणखी एक अडथळा असतो. प्रकरण रंगात येते आणि नेमका तेव्हाच कुणाचा तरी निरोप येतो. उत्तर देता देता अर्धा तास निघून जातो. शिवाय मोबाइल एक आणि मागणारी मुले दोन, असे असेल तर आईच्या वाट्याला वाचन येणार तरी कधी?

मराठी वाचकाने आधी हे पाहावे

एवढे वाचून लगेच दुकान गाठू नका. आपल्याला हवी ती पुस्तके ई-रीडरवर मिळतात का, हा प्रश्न सर्वांत आधीचा आहे. किंडल भारतात २०१२ मध्ये आले, पण मराठी पुस्तकांची सोय तेथे डिसेंबर २०१६ मध्ये झाली. आजही सगळी मराठी पुस्तके एका ठिकाणी नाहीत. बुकगंगाची ई-पुस्तके वाचायला तिचे स्वतःचे अ‍ॅप लागते. ई साहित्य प्रतिष्ठान आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ यांची अनेक पुस्तके विनामूल्य मिळतात, पण बहुतेक पीडीएफ स्वरूपात. सहा इंची ई-रीडरवर असे पान उघडले की अक्षरे मुंगीएवढी दिसतात. मोबाइलवर दोन बोटांनी ती चटकन मोठी करता येतात. भाजी चिरताना पुस्तक ऐकायचे असेल, तरीही मोबाइलच सोयीचा.

आणखी एक गोष्ट. छापील पुस्तक शेजारच्या काकूंना वाचायला देता येते, ई-पुस्तक सहसा देता येत नाही. आपण पैसे मोजतो ते बहुधा वाचण्याच्या परवानगीचे, मालकीचे नव्हे. जुलै २००९ मध्ये हक्कांच्या वादामुळे अ‍ॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेल यांची '१९८४' ही कादंबरी अमेरिकेतल्या ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर काढून टाकली होती. पैसे परत मिळाले, कंपनीने माफी मागितली आणि पुढे पुस्तक परत देण्याची तयारीही दाखवली, पण ते ग्राहकांना न विचारता गेले होते. म्हणून जपून ठेवण्याजोगे पुस्तक छापीलच घ्यावे.

निर्णय कसा घ्याल?

● आवडत्या दहा मराठी पुस्तकांची यादी करा. त्यांतली निम्मी तरी ई-रीडरवर मिळत नसतील तर खरेदी लांबणीवर टाका.

● महिन्याला एखादेच पुस्तक वाचत असाल तर मोबाइल पुरेसा आहे. निरोपांची घंटी बंद करून एक अख्खे पुस्तक त्यावर वाचून पाहा.

● रोज तासभर वाचत असाल, प्रवास खूप असेल किंवा घरातल्या ज्येष्ठांना मोठे अक्षर हवे असेल, तर ई-रीडरचा खर्च वाया जाणार नाही.

● धुवांधारजवळ तुषार अंगावर येतात. यंत्र कोणतेही असो, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा.

नौकाविहाराला निघताना मात्र दोन्ही यंत्रे पिशवीतच राहू द्या. भेडाघाटचे नावाडी यमके जुळवून कड्यांचे जे रसभरीत वर्णन करतात, ते ऐकण्यासारखे असते. पुस्तक काय, परतीच्या गाडीतही वाचता येईल.