रिकाम्या पुंगळीची धुलाई : पितळ, पाणी आणि शिसे

बंदुकीतून गोळी सुटल्यावर मागे उरणारी पितळेची रिकामी पुंगळी आपल्याकडे वर्तमानपत्रात दिसते ती बहुधा गुन्ह्याच्या बातमीत, पुरावा म्हणून. अमेरिकेत मात्र असंख्य नेमबाज आणि शिकारी ही पुंगळी वेचून घरी नेतात, स्वच्छ करतात आणि तिच्यात नवा प्रायमर, नवी दारू व नवी गोळी बसवून ती पुन्हा वापरतात. 'रीलोडिंग' या नावाने ओळखला जाणारा हा छंद तेथे कायदेशीर आहे. २०२० मधील महासाथीच्या काळात तेथे तयार काडतुसांचा मोठा तुटवडा झाला, तेव्हा अनेकजण त्याकडे वळले. या साऱ्या उपद्व्यापातील पहिली पायरी म्हणजे पुंगळीची सफाई. वरकरणी ती भांडी घासण्याइतकी साधी वाटते. परंतु रसायनशास्त्र, धातुशास्त्र आणि आरोग्य या तिन्हींशी तिचा संबंध आहे.

पुंगळीच का उरते?

काडतुसाचे चार भाग असतात : पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेला प्रायमर, आतील दारू आणि तोंडाशी असलेली गोळी. फायरिंग पिनच्या आघाताने प्रायमर पेटतो, त्याच्या ज्वाळेने दारू जळते आणि निर्माण झालेल्या वायूच्या दाबाने गोळी बाहेर फेकली जाते. पुन्हा वापरता येण्याजोगी उरते ती केवळ पुंगळी. ती साधारणपणे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त यांच्या मिश्रधातूची असते. दाब येताच हे पितळ फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट टेकते आणि वायू मागे येऊ देत नाही. दाब ओसरताच किंचित आकसते, म्हणून पुंगळी सहज बाहेर निघते. हा लवचिकपणा असल्यानेच योग्य साच्यात दाबून तिला पुन्हा मूळ मापात आणता येते.

मात्र धूर, काजळी, माती आणि वाळूचे कण चिकटलेली पुंगळी तशीच साच्यात घातली, तर साचा आणि पुंगळी या दोहोंवर ओरखडे उठतात. सफाईचे मूळ कारण हे आहे. चकाकी हा त्यातून मिळणारा जादा लाभ.

कोरडी आणि ओली पद्धत

जुन्या प्रचलित पद्धतीत मक्याच्या कणसाच्या बुरकुंडाचा किंवा अक्रोडाच्या कवचाचा भरडा एका थरथरणाऱ्या भांड्यात घालतात आणि त्यात पुंगळ्या काही तास घुसळतात. ही पद्धत सोपी आहे, पुंगळ्या वाळवाव्या लागत नाहीत. परंतु पुंगळीचा आतला भाग आणि प्रायमरची खाच तीत फारशी निघत नाही. शिवाय धूळ उडते.

ओल्या पद्धतीत भरड्याची जागा पाणी आणि स्टेनलेस स्टीलच्या बारीक पिना घेतात. या पिना जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडीच्या आणि सहा-साडेसहा मिलिमीटर लांबीच्या असतात. आधी जुना प्रायमर काढून टाकतात, म्हणजे त्याची खाचही धुतली जाते. मग आडव्या फिरणाऱ्या रबरी अस्तराच्या पिंपात पुंगळ्या, पिना, पाणी, भांडी घासण्याचा द्रव साबण आणि चिमूटभर सायट्रिक आम्ल घालून ते दोन ते चार तास फिरवतात. नेमबाजांमध्ये रूढ असलेले प्रमाण साधारण असे : पुंगळ्या एक किलोच्या आसपास, पिना सव्वादोन किलो आणि पाणी पावणेचार लिटर. पिना पुंगळीच्या तोंडातून आत शिरून काजळी खरवडतात, साबण ती पाण्यात धरून ठेवतो आणि पिंप उघडल्यावर बाहेर येते ते काळेकुट्ट पाणी.

चिंच-लिंबाचेच रसायन

सायट्रिक आम्लाचे काम मराठी घराला नवे नाही. देवाची समई किंवा पितळेचा तांब्या चिंचेने वा लिंबाने घासला की उजळतो, कारण चिंचेतील टार्टारिक आणि लिंबातील सायट्रिक आम्ल धातूवर चढलेला ऑक्साइडचा काळपट थर विरघळवते. पिंपात हेच घडते. फरक इतकाच, की येथे अतिरेक महाग पडतो. आम्ल जास्त झाले किंवा पुंगळ्या त्यात फार वेळ राहिल्या, तर पितळातील जस्त निघून जाऊ लागते आणि पृष्ठभागावर तांब्याची गुलाबी छटा येते. ही छटा पितळाची झीज सुरू झाल्याची खूण समजावी. फार वेळ फिरवल्यास पुंगळ्यांची तोंडे एकमेकांवर आपटून त्यांच्या कडाही चेपतात.

पावसाळ्याने शिकवलेला धडा

पुंगळी उजळवताना अमोनिया असलेले पॉलिश कटाक्षाने टाळावे, असे रीलोडिंगचे जाणकार सांगतात. या नियमाचे मूळ थेट भारतात सापडते. ब्रिटिश अमदानीत लष्कराची पितळी काडतुसे पावसाळ्यात साठवून ठेवली की कोणताही आघात न होता त्यांना भेगा पडत. भेगा ऋतूबरोबर येत, म्हणून या दोषाला इंग्रजीत 'सीझन क्रॅकिंग' हे नाव पडले. तबेल्यांतील घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया, दमट हवा आणि पुंगळी घडवताना पितळात राहून गेलेला ताण यांचा हा एकत्रित परिणाम होता. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी १९२१ मध्ये त्याचा उलगडा केला. पितळ हलके तापवून ताण घालवणे आणि त्याला अमोनियापासून दूर ठेवणे, हा त्यावरचा उपाय ठरला.

वाळवतानाही धातुशास्त्र विसरून चालत नाही. पुंगळीचे बूड कठीण राहणे अत्यावश्यक असते, कारण दाबाचा मोठा भार तेथेच येतो. झटपट वाळवण्यासाठी फार उष्णता दिल्यास पितळ मऊ पडते आणि अशी पुंगळी धोकादायक ठरते. म्हणून ऊन, पंखा किंवा फळे वाळवण्याचे मंद उष्णतेचे यंत्र पुरेसे मानले जाते. ओलावा मात्र अजिबात राहता कामा नये. दारू भिजली तर ती अर्धवट जळून गोळी नळीतच अडकू शकते आणि पुढचा बार काढताच नळी फुटण्याचा धोका असतो. आत अडकून राहिलेल्या पिनाही एकेक पुंगळी उलटी करून, उजेडात धरून काढाव्या लागतात.

खरा धोका शिशाचा

बहुतेक प्रायमरमध्ये लेड स्टिफ्नेट हे शिशाचे संयुग असते. ते जळल्यावर उरणारी राख पुंगळीत बसते. कोरड्या पद्धतीत ती धुळीबरोबर उडून श्वासावाटे शरीरात जाऊ शकते; भरडा चाळताना हा धोका सर्वाधिक. ओल्या पद्धतीचा सर्वांत मोठा फायदा हाच, की शिसे हवेत न उडता पाण्यात राहते. मात्र ते नाहीसे होत नाही. आम्लयुक्त काळ्या पाण्यात शिसे असते, याचा विसर पडला तर धोका केवळ हवेतून मोरीत येतो.

मुलांच्या शरीरातील शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानली जात नाही. अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राने मुलांच्या रक्तातील शिशाची संदर्भपातळी २०२१ मध्ये प्रति डेसिलिटर ५ मायक्रोग्रॅमवरून ३.५ मायक्रोग्रॅमवर आणली. त्यामुळे हे काम स्वयंपाकघरात करू नये, त्यासाठी खाण्याची भांडी, चाळण्या वा ओव्हन वापरू नयेत, हातमोजे घालावेत, काम संपल्यावर हात साबणाने स्वच्छ धुवावेत आणि पाणी व गाळ यांची विल्हेवाट स्थानिक घातक कचऱ्याच्या नियमांनुसार लावावी, ही पथ्ये आवश्यक ठरतात.

चकाकणारी पुंगळी नवी नसते

सफाईचा खरा उपयोग तपासणीसाठी होतो. काजळी निघाल्यावर मानेवरची बारीक भेग दिसते. बुडाच्या थोडे वर उमटलेले उजळ कडे दिसते. हे कडे म्हणजे आतून पितळ पातळ झाल्याचा इशारा असू शकतो. अशी पुंगळी पुढच्या बाराला दोन तुकडे होऊन तप्त वायू मागे सोडू शकते. टोक वाकवलेली बारीक तार आतून फिरवली, तर तेथील खळगा हाताला जाणवतो. संशय येताच ती पुंगळी मोडीत काढणे हाच उपाय. पिंपातून आरशासारखी निघालेली पुंगळीही किती वेळा वापरली गेली आहे, हे तिची चकाकी सांगत नाही.

भारतात काय?

भारतात शस्त्र कायदा, १९५९ नुसार परवान्याशिवाय काडतुसे तयार करणे गुन्हा आहे आणि 'दारूगोळा' या संज्ञेत त्याच्या भागांचाही समावेश होतो. त्यामुळे हा छंद येथे घरोघरी रुजण्याचा प्रश्न नाही. शिवाय कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे याने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यातील पॉइंट टू-टू काडतूस रिमफायर जातीचे असते. त्याचे स्फोटक मिश्रण पुंगळीच्या कडेतच भरलेले असून आघाताने ती कड चेपते; साहजिकच ती पुंगळी पुन्हा भरली जात नाही.

शिशाबाबतची काळजी मात्र येथील नेमबाजांनाही तितकीच लागू पडते. बंदिस्त रेंजवर सराव करणाऱ्या, रिकाम्या पुंगळ्या हाताने गोळा करणाऱ्या किंवा रेंज झाडणाऱ्या प्रत्येकाच्या हातांना आणि कपड्यांना ती राख लागते. घरी जाऊन मुलांना उचलून घेण्यापूर्वी साबणाने हात धुणे आणि कपडे बदलणे, ही खबरदारी त्या प्रत्येकाने घ्यायला हवी.