मायनर आधी ठरवा

मासकॉमला, म्हणजे जनसंवादाच्या पदवीला प्रवेश मिळाला की महाविद्यालय हातात एक तक्ता देते. मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, आयकेएस, सीईपी, ओजेटी. नागपुरातल्या जरीपटक्याच्या अनेक घरांत पदवीला जाणारे हे पहिलेच मूल असते. मग तो तक्ता समजावून सांगायला घरात कुणी नसते आणि मैत्रिणीने भरले तेच विषय भरले जातात. तीन वर्षांचा प्रश्न आहे. एक संध्याकाळ काढून तक्ता नीट वाचायला हवा.

आधी हिशेब. नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांच्या पदवीला 120 ते 132 क्रेडिट लागतात, म्हणजे दर सत्राला 20 ते 22. थिअरीचे एक क्रेडिट म्हणजे वर्गातले 15 तास, प्रात्यक्षिकाचे एक क्रेडिट म्हणजे 30 तास. मासकॉममध्ये कॅमेरा, संपादन, रेडिओ, पानाची मांडणी अशी प्रात्यक्षिके बरीच. समजा, 22 पैकी 8 क्रेडिट प्रात्यक्षिकाची निघाली. 14 गुणिले 15 म्हणजे 210 आणि 8 गुणिले 30 म्हणजे 240, एकूण 450 तास. पंधरा आठवड्यांत वाटले की आठवड्याला 30, पाच दिवस रोज सहा. संध्याकाळी घरच्या दुकानात बसणाऱ्या मुलाने हा आकडा वडिलांना पहिल्याच दिवशी दाखवावा. घरचा अभ्यास आणि बातमीसाठीची पायपीट त्यात धरलेली नाही.

आता मायनर, म्हणजे मेजरच्या, मुख्य विषयाच्या, जोडीला घ्यायचा दुसरा विषय. माझ्या मते या पदवीतला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच, आणि नेमका तोच सर्वांत घाईत होतो. तो महत्त्वाचा का, याचे कारण थोडे इतिहासात आहे. नागपुरात हिस्लॉप कॉलेजमध्ये पत्रकारितेचा विभाग 1952 साली सुरू झाला. अमेरिकेच्या सिराक्यूज विद्यापीठातले प्राध्यापक रोलंड वूल्सली त्यासाठी आले होते. पुढे बराच काळ आपल्याकडे पत्रकारितेची पदवी म्हणजे आधीच्या पदवीवर आणखी एक वर्ष, असाच प्रघात होता. विद्यार्थी अर्थशास्त्र, इतिहास, विज्ञान असे काहीतरी शिकून मगच येई. आजची मुलगी अठराव्या वर्षी थेट मासकॉमला येते. बातमी कशी लिहायची हे तिला मेजर शिकवेल. कशाबद्दल लिहायचे, ते कुठून येणार? महाराष्ट्राच्या आराखड्यात मायनरला साधारण 18 ते 20 क्रेडिट आहेत, तीच त्याची जागा. नाट्य किंवा फोटोग्राफीसारखा मेजरलाच चिकटलेला विषय तिथे घेऊ नये. अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, भूगोल, इतिहास यांपैकी महाविद्यालयात जे असेल ते घ्यावे.

जरीपटक्यात राहणाऱ्याला याचा अर्थ उंबऱ्यावरच सापडतो. कोळसा खाणींचे नियोजन करणाऱ्या सीएमपीडीआयची प्रादेशिक संस्था इथेच कस्तुरबानगरला आहे. भूगोल किंवा अर्थशास्त्र शिकलेला विद्यार्थी विदर्भातल्या कोळशावर लिहू शकतो. न शिकलेला तिथली प्रेसनोट तेवढी उतरवतो. आणि इतिहास घेतला, तर फाळणीनंतर सिंधमधून येऊन ही वस्ती उभारणाऱ्या कुटुंबांच्या आठवणी आहेत. फाळणी पाहिलेली माणसे आता फार थोडी उरली. दोन क्रेडिटचा क्षेत्र प्रकल्प तिसऱ्या सत्रात येत असेल, तर दुसऱ्या सत्राच्या सुट्टीतच आजी-आजोबांच्या मुलाखती रेकॉर्ड करायला घ्याव्यात. याला सत्र सुरू होण्याची वाट पाहू नये.

ओई म्हणजे दुसऱ्या विद्याशाखेतले विषय, एकूण 10 ते 12 क्रेडिट. इथे संख्याशास्त्राची तोंडओळख किंवा हिशेबाची मूलतत्त्वे मिळाली तर सोडू नका. अर्थसंकल्पाचा आकडा वाचता न येणारा बातमीदार अडतो. एईसी भाषेसाठी असते. घरी सिंधी, बाजारात हिंदी बोलणाऱ्या मुलांनी तिथे मराठी घ्यावी असे मी आग्रहाने सांगेन. महापालिकेपासून ग्रामपंचायतीपर्यंतचे कागद मराठीत असतात, आणि इतक्या भाषांत वावरणारा बातमीदार नागपुरात कुठल्याही संपादकाला हवाच असतो. मूल्यशिक्षण, सहअभ्यासक्रमीय उपक्रम यांत निवडीला फारसा वाव नसतो. वेळापत्रकात बसेल ते घ्या.

तक्ता खालून वर वाचायची सवय लावा. सहाव्या सत्रात ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण, बहुधा 4 क्रेडिटचे: 120 तास. नागपुरात जागांना तोटा नाही. आकाशवाणीचे केंद्र 1948 पासून आहे, ‘हितवाद’ 1911 पासून. शिवाय मराठी, हिंदी दैनिकांची कार्यालये. जरीपटक्याजवळच्या इंदोरा चौकातून मेट्रोने शहराच्या मध्यातली सीताबर्डी गाठता येते. पण अशा कार्यालयात गेल्यावर पहिला प्रश्न येतो, काय केलंय दाखवा. म्हणून पाचव्या सत्रात अर्ज, चौथ्यात छापून किंवा प्रसारित झालेले काम, आणि त्यासाठी लागणारे ध्वनिसंपादनाचे किंवा कॅमेऱ्याचे कौशल्य व्हीएससीमधून, म्हणजे व्यावसायिक कौशल्याच्या विषयांतून, तिसऱ्या सत्राच्या आत, अशी साखळी मागे मागे जोडत यावी.

प्रवेशाच्या आठवड्यातच डिजिलॉकरमधून एबीसी, म्हणजे शैक्षणिक क्रेडिट बँकेचा, आयडी काढून ठेवा. क्रेडिट याच खात्यात जमा होतात. घरची अडचण आली आणि पहिल्या वर्षानंतर थांबावे लागले, तरी आराखड्यातले जादा 4 क्रेडिटचे कौशल्यकाम पुरे केल्यास प्रमाणपत्र मिळते, आणि जमा क्रेडिटवर पुन्हा परतता येते. चौथे वर्ष संशोधनासह करायचे असेल, तर पहिल्या सहा सत्रांत मिळून 75 टक्के गुण लागतात. या बेरजेत पहिल्या सत्रातला दोन क्रेडिटचा पेपरही येतो.