‘ब्लॉक हीटर’ : एक उपकरण आणि त्याची मराठी सूचना

ठाकुर्ली-डोंबिवलीकडील वाचकाला ‘ब्लॉक’ हा शब्द अपरिचित नाही. रविवारी गाड्या बंद असतात तो रेल्वेचा ब्लॉक. मागील पिढीने भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढून डोंबिवलीत घेतला, तो दोन खोल्यांचा ब्लॉक. गॅरेजमध्ये मात्र ब्लॉक म्हणजे इंजिनाचा तो ओतीव लोखंडी ठोकळा, ज्यात सिलिंडर कोरलेले असतात. एकच इंग्रजी शब्द तीन वाटांनी मराठीत आला, आणि प्रत्येक वाटेने निराळा अर्थ घेऊन आला. असे शब्द बोलण्यात सहसा घोटाळा करीत नाहीत, कारण प्रसंग अर्थ ठरवितो. लेखी सूचनेत प्रसंग पुसट होतो आणि घोटाळ्यास जागा मिळते. प्रस्तुत लेखकाच्या हातून असाच एक घोटाळा झाला. त्याच्या निमित्ताने हे टिपण लिहिले आहे.

आमच्या एका शेजाऱ्यांना कामानिमित्त दोन हिवाळे लेह येथे काढावयाचे होते, आणि आपली डिझेलवर चालणारी गाडी ते सोबत नेणार होते. त्यांच्या भगिनी कॅनडातील एडमंटन शहरी राहतात. तेथे हिवाळ्यात पारा शून्याखाली तीस अंशांपर्यंत उतरतो आणि मोटारी उभ्या करण्याच्या आवारांत खांबाखांबांवर विजेची जोडणी दिलेली असते. ताईंनी भावासाठी एक ब्लॉक हीटर व त्याचे माहितीपत्रक पाठविले. ‘तुम्ही भाषेचे डॉक्टर, एवढे मराठीत करून द्या, मेकॅनिकला वाचून दाखवीन,’ असे म्हणून शेजाऱ्यांनी ते पत्रक माझ्या हाती ठेविले.

भाषांतराकडे वळण्यापूर्वी उपकरणाचे कार्य समजावून घेणे अगत्याचे आहे. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी टाकून इंधन पेटवितात. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. रुडॉल्फ डिझेल याने १८९७ साली आउग्सबर्ग येथे यशस्वी करून दाखविलेल्या इंजिनाचे तत्त्व असे की, सिलिंडरातील हवा दट्ट्याने पंधरा-वीस पटींनी दाबावी. त्या दाबाने ती इतकी तापते की आत फवारलेले इंधन आपोआप पेट घेते. सायकलला हवा भरताना पंप तळाशी गरम लागतो, त्याचेच हे उग्र रूप. आता ठोकळाच जर शून्याखाली वीस अंशांवर गेलेला असेल, तर दाबलेल्या हवेची उष्णता थंड भिंती शोषून घेतात. वंगणाचे तेल काकवीसारखे घट्ट झालेले असते, म्हणून दट्ट्या सावकाश फिरतो आणि उष्णता निसटण्यास अधिकच अवधी मिळतो. बॅटरीची शक्तीही थंडीने घटते. अशा तीन अडचणी एकाच वेळी उभ्या राहिल्या म्हणजे चालक कितीही वेळ ‘सेल्फ’ मारो, इंजिन बोलत नाही.

ब्लॉक हीटरची युक्ती साधी आहे. इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्यात (खरे तर कूलंटमध्ये) घरच्या विजेवर चालणारी एक लहान तापतार बुडवून ठेवावयाची. तिची शक्ती बहुधा चारशे ते एक हजार वॅट असते. गाडी काढण्यापूर्वी दोन-तीन तास ती चालू ठेविली म्हणजे ठोकळा बाहेरील हवेहून पुष्कळ अंशांनी उबदार होतो. अमेरिकेतील नॉर्थ डकोटा राज्यात ग्रँड फोर्क्स येथील अँड्र्यू फ्रीमन यांनी अशा हीटरचे एक आरंभीचे रूप काढले व १९४९ साली त्याचे पेटंट मिळविले. त्यात इंजिनाच्या हेडचा एक बोल्ट काढून त्या जागी तापणारा बोल्ट बसवीत असत. पुढे अधिक रूढ झाला तो प्रकार निराळा. ठोकळा ओतताना आत राहिलेली वाळू काढण्यासाठी त्याच्या कुशीला भोके ठेवितात आणि ती पुढे पत्र्याच्या चकत्यांनी बंद करितात. अशी एक चकती काढून त्या भोकात हीटर बसवावयाचा.

येथेच माझी चूक झाली. त्या चकतीला इंग्रजीत ‘कोअर प्लग’ म्हणतात. पत्रकाने पहिल्या वाक्यात पूर्ण नाव देऊन पुढे नुसता ‘प्लग’ म्हटले होते. मीही तसेच केले आणि लिहिले, ‘प्लग काढून त्या जागी हीटर बसवावा.’ शेजाऱ्यांनी नेमके हेच वाक्य मेकॅनिकला वाचून दाखविले. आपल्याकडील मेकॅनिकच्या बोलीत डिझेल इंजिनाचा प्लग म्हणजे ग्लो प्लग, आणि त्याचे चालते नाव काय, तर ‘हीटर प्लग’! किल्ली अर्धी फिरवून तो तापविण्याला ‘हीटर देणे’ म्हणतात. प्लग काढा आणि हीटर बसवा, असे ऐकल्यावर त्याने पान्हा ग्लो प्लगला लाविला, यात त्याचा काय दोष? आटे व माप जुळेना तेव्हा तो थांबला, आणि मला बोलावणे आले. कोणती चकती ते चित्रावरून दाखविताच तो म्हणाला, ‘मग डमी म्हणा ना, साहेब.’ गॅरेजात त्या चकतीला डमी म्हणतात हे मला ठाऊक नव्हते. परिभाषा कोशात शोधण्यापूर्वी कोपऱ्यावरील गॅरेजात विचारावे, हे मी वर्गात विद्यार्थ्यांना सांगत आलो आहे. स्वतः केले नाही.

ग्लो प्लग आणि ब्लॉक हीटर यांतील भेद त्यामुळे स्पष्ट सांगितला पाहिजे. पहिला इंजिनाच्या ज्वलनकक्षात असतो, बॅटरीवर काही सेकंद तापतो आणि लालबुंद होतो. दुसरा पाण्यात असतो, घरच्या विजेवर काही तास तापतो आणि ठोकळ्याला केवळ कोमट करितो. मराठीत कोमट, ऊन, कढत, तप्त अशी उष्णतेची उतरंड आहे. इंग्रजी पत्रकातील एका शब्दासाठी ‘गरम’ लिहिणे सोपे, परंतु वाचणारा मग ठोकळ्याला हात लावून ‘हे तर गरमच होत नाही’ म्हणून उपकरण सदोष ठरविण्याचा संभव आहे. मी दुसऱ्या खर्ड्यात ‘कोमट’ केले.

तिसरी अडचण शब्दाची नव्हती, न लिहिलेल्या शब्दांची होती. पत्रकात ‘१२० व्होल्ट, ४०० वॅट’ एवढेच छापलेले होते व मी ते प्रामाणिकपणे उतरविले. कॅनडातील घरी भिंतीत १२० व्होल्टच असतात, तेव्हा तेथील लेखकाला अधिक सांगण्याचे कारण नाही. आपल्याकडे २३० व्होल्ट आहेत. तापतारेचा रोध तोच राहिला तर शक्ती व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे ४०० वॅटचा हीटर येथे सुमारे १४७० वॅट ओढू पाहील आणि जळून जाईल, क्वचित सोबत वायरही पेटवील. अनुवाद शब्दशः बिनचूक होता आणि तरीही घातक होता. ही गोष्ट लक्षात आणून दिली ती माझ्या एका विद्यार्थिनीने, जिचे वडील वीजतंत्री आहेत. ताईंचा हीटर अखेर कपाटात गेला आणि २३० व्होल्टचा दुसरा मागविला.

शेजाऱ्यांची एक समजूतही दूर करावी लागली. हीटर बसविला म्हणजे लडाखच्या थंडीचा बंदोबस्त झाला, असे त्यांना वाटत होते. हीटर ठोकळ्याला उबवितो, इंधनाच्या टाकीला नव्हे. साध्या डिझेलमधील मेणासारखे घटक कडक थंडीत गोठून फिल्टर तुंबवितात. मग इंजिन कितीही कोमट असो, त्याला इंधनच मिळत नाही. लडाखमध्ये ट्रकचालक टाकीखाली व इंजिनाखाली शेकोटी पेटवितात ती यासाठीच, आणि त्यातील धोका उघड आहे. डिझेलमध्ये रॉकेल मिसळण्याची जुनी रीत आहे. तिने इंधन पातळ राहते, पण पंपाला इंधनातून मिळणारे वंगण कमी होते. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी शून्याखाली ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल आणले, हा त्यावरील खरा उपाय होय. त्याच वर्षी फेब्रुवारीत श्रीनगर-लेह वीजवाहिनी राष्ट्राला अर्पण झाली आणि लेह देशाच्या वीजजाळ्यास जोडले गेले. मुक्कामी रात्रभर वीज मिळाली तरच हीटरला अर्थ. वाटेतील घाटात तो निरुपयोगी.

ठाकुर्लीत या उपकरणाची गरज नाही, हे सांगणे नलगे. तथापि येथील उष्ण हवेतही त्याचे एक भावंड नांदते. ज्या रुग्णालयांना वा संगणककेंद्रांना वीज जाताच काही सेकंदांत पूर्ण भार उचलणारे जनित्र हवे असते, तेथील डिझेल जनित्रांचे पाणी अशाच हीटरने अष्टौप्रहर कोमट ठेवितात. थंड इंजिन सुरू होईल, पण एकदम भार टाकल्यास अडखळेल. येथील जुन्या चोळा वीजगृहात काम केलेल्या वृद्धांना हे तत्त्व समजावून सांगावे लागत नाही. थंड बाष्पक घाईने तापविता येत नाही, हे त्यांना अंगवळणी पडलेले आहे.

आता शेवटच्या सूचनेविषयी. इंग्रजीत ती अशी होती की, इंजिन सुरू करण्यापूर्वी हीटरची वायर काढा. ज्या देशात हे उपकरण घरोघरी आहे तेथेही वायर तशीच ठेवून गाडी हाकणारे विसरभोळे असतात. पहिल्या खर्ड्यात मी ‘सुरू करण्यापूर्वी’ असाच आरंभ केला होता. त्यात घाईने वाचणाऱ्याच्या कानी आधी ‘सुरू करणे’ पडते, वायर मागाहून येते. मराठीला ‘ऊन’ प्रत्ययाची सोय आहे. त्याने क्रिया ज्या क्रमाने करावयाच्या त्याच क्रमाने वाक्यात उभ्या राहतात. सुधारलेली सूचना गाडीच्या काचेवर चिकटविली आहे. ती अशी : ‘बटण बंद करून, वायर भिंतीतून काढून, गुंडाळून पुढे अडकवून, मग किल्ली फिरवावी.’ मेकॅनिकने ती वाचून ‘भिंतीतून’च्या पुढे आपल्या हाताने ‘आधी’ हा शब्द घातला. तो तसाच राहू दिला आहे.