‘व्हेंटिलेटरवर’ : एका शब्दाची शहानिशा

काही वर्षांपूर्वी कमलनगरच्या एका सभेत मी म्हणालो होतो, “सीमाभागातील मराठी शाळा व्हेंटिलेटरवर आहेत.” टाळ्या पडल्या. साखर कारखाना, सरकार, सहकारी बँक, मरणाला टेकलेल्या कशाहीविषयी आपण हा शब्द वापरतो. त्याचा खरा अर्थ मला हैदराबादच्या एका रुग्णालयाच्या व्हरांड्यात कळला.

शेजाऱ्यांच्या पाच महिन्यांच्या नातवाच्या हृदयाला जन्मजात छिद्र होते. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर इंग्रजीत बोलत, परिचारिका तेलुगूत. कुटुंबाला मराठी आणि कामापुरती कन्नड येत होती. दुभाषी म्हणून मी गेलो होतो. “बाळ व्हेंटिलेटरवर आहे,” एवढे कानी पडताच आजोबा खाली बसले. “मशीनवर टाकलं म्हंजे संपलं की हो, सर. लेकराला घरी नेऊ.” मला माझे सभेतले वाक्य आठवले. समजावून सांगायला गेलो, तर मलाच काही माहीत नव्हते. म्हणून डॉक्टरांना एकेक प्रश्न विचारत गेलो. पुढे वाचूनही घेतले. ते असे.

हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठे छिद्र असेल तर फुप्फुसांकडे नको इतके रक्त जाते. बाळाला धाप लागते, दूध ओढवत नाही, वजन वाढत नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी हृदय थांबवून त्याचे काम बाहेरच्या यंत्राकडे देतात. त्यानंतर अंगावर सूज येते, फुप्फुसांत पाणी साचते. तान्ह्या बाळाच्या फासळ्या मऊ असतात; त्याचा श्वास मुख्यतः छातीखालच्या पडद्याच्या, म्हणजे श्वासपटलाच्या बळावर चालतो. हे श्रम वाढले की शरीरातला बराच प्राणवायू श्वास घेण्यातच खर्च होतो आणि तो पुरवण्याचा भार नुकत्याच शिवलेल्या हृदयावर पडतो. व्हेंटिलेटर हे श्रम स्वतःकडे घेतो. बाळ जगत नाही म्हणून नव्हे, तर हृदयाला विसावा मिळावा म्हणून तो लावलेला असतो. फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या एकाएकी आकसण्याचा धोका असेल तर बाळाला औषधाने गुंगीतही ठेवतात.

आपण श्वास घेतो तेव्हा छाती फुलते आणि हवा आत ओढली जाते. यंत्र उलट करते, ते हवा आत ढकलते. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली, तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या डॉक्टरांच्या सूचनेवरून रुग्णांच्या श्वासनलिकेत नळी घातली गेली आणि वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने रबरी पिशवी हाताने दाबत बसले. यंत्र आज तेच काम मोजूनमापून करते. साडेचार किलोच्या बाळाला एका श्वासात साधारण ३० मिलिलिटर हवा पुरते, म्हणजे चहाचे सहा लहान चमचे. श्वास सोडल्यावरही थोडा दाब आत राखतात. पूर्ण रिकामा फुगा पहिल्यांदा फुगवणे जड जाते, पण थोडी हवा उरली असेल तर सोपे जाते. फुप्फुसातल्या बारीक पिशव्यांचेही तसेच आहे.

दुसऱ्या दिवशी काचेतून पाहून आलेली आजी घाबरलेली होती. “तोंड उघडून रडतंय, डोळ्याला पाणी हाय, पण आवाजच नाही. मुकं झालं का?” वर्गात मी पंचवीस वर्षे शिकवत आलो आहे की बाहेर पडणाऱ्या हवेने स्वरतंत्री कंप पावल्या की नाद उमटतो. इथे ती नळी स्वरतंत्रींच्या मधूनच गेलेली. हवा नळीतून जाते, स्वरतंत्रींना स्पर्श होत नाही, म्हणून रडण्याला आवाज नाही. हे धडा शिकवताना कधी सुचले नव्हते.

यंत्र जास्त दिवस ठेवणेही बरे नाही. छातीत जंतुसंसर्ग होऊ शकतो, दाबाने फुप्फुसांना इजा होऊ शकते. शिवाय ग्लेनसारख्या शस्त्रक्रियेनंतर वरच्या अंगातले रक्त हृदयाच्या रेट्याशिवाय थेट फुप्फुसांत जाते. तिथे यंत्राचा दाब त्या रक्ताचीच वाट अडवतो. म्हणून साध्या दोषांत काही तासांतच नळी काढतात, गुंतागुंत असेल तर दिवस लागतात. यंत्राचे श्वास हळूहळू कमी करत बाळाला स्वतःचे घेऊ देतात. इंग्रजीत या क्रियेला अंगावरचे दूध सोडवण्याचाच शब्द आहे. “दूध सोडवतात तसं मशीन सोडवायलेत,” असे मी आजीला सांगितले. तिला पुढे काही समजवावे लागले नाही.

सगळीच बाळे यातून सुटतात असे नाही, हे डॉक्टरांनी लपवले नाही. आमचे बाळ तिसऱ्या दिवशी सुटले. पहिले रडणे घोगरे होते. नळीने घशाला सूज येते, ती उतरते.

दर हजार जन्मांमागे आठ-नऊ बाळांना जन्मजात हृदयदोष असतो. २०१३ साली पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात त्याची तपासणी होते. म्हणजे गावोगावची माणसे हा शब्द व्हरांड्यात उभे राहून ऐकणार. ‘श्वसनयंत्र’ हा प्रतिशब्द बरा आहे, पण भीती यंत्राच्या नावात नसून ‘वर टाकलं’ या क्रियापदात आहे. ‘श्वासाला आधार दिला आहे, हळूहळू सोडवतील,’ असे म्हणता येते. लेखकांनी आणि शिक्षकांनी एवढे तरी करावे. आजोबांनी त्या दिवशी बाळाला घरी नेले असते, तर त्यात माझ्या टाळ्याखाऊ वाक्याचाही वाटा असता.

ते वाक्य मी आता सभेत म्हणत नाही. शाळांचे दुखणे खरे आहेच. ते सांगताना कोणत्या शाळेत किती मुले आहेत आणि शिक्षकाची कोणती जागा रिकामी आहे, हे सांगतो.